२४ यंत्रमाग, प्रत्येकावर ईएसपी३२: एचटीटीपीएस सर्व्हर बोर्डावरच ठेवावा का?

बाणा_मोजणी · अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार मंडळी,

टेरी टॉवेलच्या कारखान्यात २४ साधे यंत्रमाग आहेत. प्रत्येक मागाच्या क्रँकशाफ्टसमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि बाजूच्या डब्यात ईएसपी३२-वरूम-३२ई (वाय-फाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) चा डेव्ह बोर्ड. क्रँकचा एक फेरा म्हणजे एक पिक (बाण्याचा एक धागा), मिनिटाला साधारण ११० ते १२०. पाळीत किती पिक पडले आणि माग किती मिनिटं उभा राहिला, एवढं मालकांना मोबाइलवर दिसायला हवं.

सध्याची मांडणी: ईएसपी-आयडीएफ (चिप बनवणाऱ्यांचंच फर्मवेअर लिहायचं साधन) ५ मालिका, प्रत्येक बोर्डावर स्वतंत्र एचटीटीपीएस सर्व्हर, आरएसए २०४८ चं स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट, २४ही बोर्डांवर तेच. पानात एक स्टाइलशीट, एक जावास्क्रिप्ट फाइल आणि तीन छोटी चित्रं आहेत.

वाय-फाय जोडल्यावर मोकळी मेमरी १७२ केबी दिसते. एका मोबाइलवर पान कधी पूर्ण उघडतं, कधी चित्रं येतच नाहीत. दुसरा मोबाइल जोडला की सिरियलवर टीएलएसची (एचटीटीपीएसमधल्या कुलूपबंद जोडणीची) चूक, उणे झीरो-एक्स-७एफ००. नवल म्हणजे त्या क्षणीही मोकळी मेमरी ५० केबीच्या आसपास असते. शिवाय ब्राउझर प्रत्येक वेळी ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो आणि वीज गेली की मोजणी शून्यावर येते.

आता विचारायचं ते असं. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून, म्हणजे झेफिर किंवा रायट घेऊन, मेमरी वाचेल का? सर्व्हर बोर्डावर ठेवणंच चूक आहे का? आणि एसटीएम३२ चे दहा-बारा ब्लू पिल बोर्ड पडून आहेत, ते कुठे लावता येतील का?

---

चिंचोळी_फर्मवेअर · चिंचोळी एमआयडीसी

दादा, आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडतो, मग सिस्टिमचं बघू.

आयडीएफच्या एचटीटीपीएस सर्व्हरमध्ये मूळ सेटिंग ठेवलं तर एक टीएलएस जोडणी अंदाजे ४० केबी खाते. त्यातला मोठा वाटा बफरचा: येणाऱ्या डेटासाठी १६ केबी, जाणाऱ्यासाठी ४ केबी. टीएलएसचा एक रेकॉर्ड १६,३८४ बाइटपर्यंत असू शकतो, म्हणून येणाऱ्या बाजूला एवढी जागा राखावीच लागते. उरलेली मेमरी हँडशेकच्या, म्हणजे सुरुवातीला किल्ल्या ठरवण्याच्या, वेळची आकडेमोड आणि सर्टिफिकेट उलगडणं यात जाते.

आता तुमचं पान. स्टाइलशीट, स्क्रिप्ट, तीन चित्रं आणि मूळ पान मिळून सहा विनंत्या झाल्या, आणि ब्राउझर एका पत्त्यावर एकाच वेळी सहापर्यंत जोडण्या उघडतो. सर्व्हरची मूळ मर्यादा चार जोडण्यांची आहे. चार गुणिले ४० म्हणजे १६० केबी, तुमच्याकडे १७२. एकाच मोबाइलने बोर्ड काठोकाठ भरला! दुसऱ्या मोबाइलचा त्यात काही दोष नाही.

‘मोकळी ५० केबी तरी चूक का’ याचं उत्तर: ७एफ०० म्हणजे मेमरी मागितली आणि मिळाली नाही. ५० केबी ही बेरीज आहे, सलग तुकडा नाही. १६ केबीचा बफर एकाच सलग जागेत बसायला लागतो. एकूण मोकळ्या मेमरीशेजारी ‘सर्वांत मोठा सलग तुकडा’ हा आकडाही सिरियलवर छापा. हीप कॅप्सच्या फंक्शनांमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. तो १७ केबीच्या खाली गेला की पुढची जोडणी पडणार, एकूण बेरीज काहीही असो.

तात्पुरता इलाज हवा असेल तर स्टाइल आणि स्क्रिप्ट पानातच घाला, चित्रं काढा, जोडण्यांची मर्यादा दोनवर आणा आणि सर्वांत जुनी जोडणी आपोआप बंद करण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. पान उघडू लागेल.

पण माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हर बोर्डावर नको. बोर्डाने क्लायंट व्हावं. कार्यालयात एक रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) ठेवा, त्यावर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर (यंत्रांचे छोटे निरोप घेऊन पुढे पोचवणारा) ८८८३ पोर्टवर. प्रत्येक बोर्ड त्याला एकच टीएलएस जोडणी करेल आणि ती धरून ठेवेल. मालकांचं पान पायवरून निघेल, दहा मोबाइल जोडले तरी मागावरच्या बोर्डाला पत्ता लागणार नाही. हँडशेक एकदाच होतो, त्यामुळे तो दोन सेकंद चालला तरी बिघडत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं, बोर्डावर बाहेरून जोडता येईल असं एकही पोर्ट उघडं राहत नाही. २४ दारं सांभाळण्यापेक्षा एक दार नीट सांभाळता येतं.

पाठवताना ‘आणखी १० पिक झाले’ असं पाठवू नका, एकूण बेरीज पाठवा. मधला एखादा निरोप हरवला तरी पुढच्याने हिशोब जुळतो. ‘शेवटची इच्छा’ म्हणजे लास्ट विलचा निरोप रिटेन करून ठेवा, म्हणजे ब्रोकर तो जपून ठेवतो. बोर्ड बंद पडला की ब्रोकर स्वतःच ‘माग १७ संपर्कात नाही’ असं सांगेल. माग उभा आहे आणि बोर्ड मेला आहे, या दोन गोष्टी पानावर वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. नाहीतर जॉबर (माग दुरुस्त करणारा) चांगल्या मागापाशी हेलपाटे घालेल.

---

विजापूर_नाका_आरटीओएस

सिस्टिमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण इथे बरेच जण कर्नलच्या आकारावरून निवड करतात आणि फसतात.

तुम्ही आत्ताही एका हलक्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच आहात. आयडीएफच्या पोटात फ्रीआरटीओएस आहे. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेली, २०१७ पासून अ‍ॅमेझॉनच्या देखरेखीखाली असलेली, एमआयटी परवान्याची. तिचा कर्नल मोजक्या केबींचा असतो. रायट तर दीड केबी रॅम आणि पाच केबी रॉममध्ये उभी राहते. पण तुमची १७२ केबी कर्नलमुळे कमी झालेली नाही. वाय-फायचा स्टॅक, टीसीपी-आयपीचा स्टॅक (आयडीएफमध्ये एलडब्ल्यूआयपी) आणि टीएलएसची लायब्ररी (आयडीएफमध्ये एमबेड-टीएलएस) ही तिन्ही ओझी सिस्टिम बदलली तरी बरोबर येणारच. झेफिरवरही टीएलएससाठी एमबेड-टीएलएसच आहे, आणि रेकॉर्ड तिथेही १६ केबीचाच. म्हणजे चूल बदलली, भांडं तेच.

मग निवड कशावर करायची? चिप कोणती, रेडिओ कोणता आणि पाच वर्षं अपडेट कोण देणार, यावर.

ईएसपी३२ आणि वाय-फाय असेल तर आयडीएफ सोडू नका. चिप बनवणाऱ्यांचा ड्रायव्हर सर्वांत आधी तिथेच दुरुस्त होतो. एक स्थिर आवृत्ती निवडून प्रकल्पात नोंदवून ठेवा. प्रत्येक स्थिर आवृत्तीला ३० महिने आधार मिळतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. झेफिर २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. उद्या तुमच्या उत्पादनात नॉर्डिक, एसटी, एनएक्सपी अशा तीन कंपन्यांच्या चिप येणार असतील तर तिचा खरा फायदा. डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि ईएसपी३२ वर वाय-फायसाठी बंद बायनरी वेगळ्या ओढून घ्याव्या लागतात. ती पायरी विसरली की बिल्ड अडतं.

रायट आणि कॉन्टिकी-एनजी यांचं खरं घर म्हणजे ८०२.१५.४ चा कमी विजेचा रेडिओ, त्यावर आयपी चालवणारं सिक्सलोपॅन, बॅटरीवरची यंत्रं. तिथे फ्रेम १२७ बाइटांची असते, टीसीपी आणि टीएलएस जड जातात. म्हणून लहान यंत्रांसाठीचं, यूडीपीवरचं कोअ‍ॅप, आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) ७२५२, २०१४ चं. त्याला डीटीएलएस (यूडीपीसाठीचं टीएलएस) लावा, पोर्ट ५६८४, किंवा निरोपालाच कुलूप लावणारं ऑस्कोर घ्या, आरएफसी ८६१३, २०१९. ऑस्कोरमध्ये एक खड्डा आहे: पाठवणाऱ्याचा अनुक्रमांक रीस्टार्टनंतर शून्यावर आला तर तोच नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) त्याच किल्लीने पुन्हा वापरला जातो आणि गुप्तता मोडते. त्यामुळे अनुक्रमांक दर शंभराला एकदा फ्लॅशमध्ये लिहायचा आणि रीस्टार्ट झाल्यावर शंभर पुढे उडी मारायची. बाग, शेत, पाण्याची टाकी अशा ठिकाणी हा मार्ग उत्तम. मागाला २४ तास वीज जवळच आहे, तिथे याची गरज नाही.

ब्लू पिल: २० केबी रॅम, ६४ केबी फ्लॅश. आरएफसी ७२२८ मध्ये लहान यंत्रांचे वर्ग पाडलेत. वर्ग १ म्हणजे सुमारे १० केबी रॅम आणि १०० केबी कोड, वर्ग २ म्हणजे सुमारे ५० आणि २५०. ब्लू पिल रॅमने वर्ग १ च्या जरा वर, फ्लॅशने खाली. शिवाय त्यात हार्डवेअरचा यादृच्छिक आकडे देणारा भाग नाही, आणि तो नसताना किल्ल्या तयार करणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावर टांगणं. त्यावर टीएलएस करू नका.

पण ते बोर्ड फेकायचीही गरज नाही. एका ओळीत आठ माग असतील तर प्रत्येक मागावर ब्लू पिल, त्याला ३.३ व्होल्टचा मॅक्स३४८५ (आरएस-४८५ तारेसाठीची चिप), पिळाची जोडतार, मॉडबस आरटीयू (तारेवरून आकडे विचारायची पद्धत) ९६०० वर, तारेच्या दोन्ही टोकांना आणि फक्त टोकांनाच १२० ओहम. ओळीच्या शेवटी एक ईएसपी३२. म्हणजे २४ ऐवजी तीनच टीएलएस जोडण्या. तार कारखान्याच्या आत कन्ड्युटमधून जाते, तिच्यावर कुलूप नसलं तरी चालतं.

---

बाणा_मोजणी

चिंचोळीच्या दादांनी मांडलेला हिशोब तंतोतंत जुळला. सर्वांत मोठा सलग तुकडा छापला तर चूक येते तेव्हा तो ११ केबी होता. बोर्डावरचा सर्व्हर काढतोय. आरएस-४८५ ची कल्पना दुसऱ्या शेडसाठी ठेवतो, इथे सगळे ईएसपी३२ बसून झालेत.

पुढचं विचारतो. इंटरनेट दिवसातून दोन-तीनदा जातं. वेळ मिळाली नाही तर सर्टिफिकेट तपासणी कशी होणार? आणि एखादा बोर्ड कुणी काढून नेला तर सगळ्यांची किल्ली गेली असं होऊ नये.

---

सही_शिक्का · होटगी रोड

दोन्ही प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारे आहेत. सर्वांत आधी ते एकच सर्टिफिकेट बदला. २४ बोर्डांवर एकच खासगी किल्ली असेल तर एका बोर्डाचा फ्लॅश वाचणाऱ्याला बाकीच्या २३ चं सोंग घेता येतं. फ्लॅश वाचायला यूएसबी केबल आणि दोन मिनिटं पुरतात.

असं करा. नेटवर्कला न जोडलेल्या एका लॅपटॉपवर ओपनएसएसएलने स्वतःचं मूळ सर्टिफिकेट तयार करा. किल्ली ईसी (आरएसएपेक्षा छोट्या किल्लीची पद्धत) पी-२५६, मुदत १० वर्षं. मूळ किल्ली पेनड्राइव्हवर कुलपात, तिची दुसरी प्रत वेगळ्या जागी. त्या किल्लीने पायसाठी सर्व्हर सर्टिफिकेट आणि प्रत्येक मागासाठी स्वतंत्र क्लायंट सर्टिफिकेट सही करा. क्लायंटच्या कॉमन नेममध्ये मागाचा नंबर. सर्व्हर सर्टिफिकेटमध्ये नाव ‘सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम’च्या रकान्यात असलंच पाहिजे, आणि तिथे आयपी पत्ता न घालता नाव घाला. ते नाव बोर्डांना कळावं म्हणून पायवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर.

आरएसए सोडून ईसी घ्या, याला कारण आहे. आरएसए २०४८ ची सही २५६ बाइट, पी-२५६ ची साधारण ७० ते ७२. सर्टिफिकेट छोटं झालं की हँडशेकचा निरोप छोटा, आणि मग येणारा बफर १६ केबीवरून ४ केबीवर आणता येतो. आयडीएफच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या यादीत) एमबेड-टीएलएसच्या पानावर येणाऱ्या-जाणाऱ्या तुकड्यांची लांबी वेगवेगळी ठेवायचा पर्याय आहे: येणारा ४०९६, जाणारा २०४८. दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत म्हणूनच हे जमतं. बाहेरच्या अनोळखी सर्व्हरशी बोलायचं असेल तर १६ केबीच ठेवा.

मॉस्किटोमध्ये ८८८३ चा लिसनर, मूळ सर्टिफिकेट, सर्व्हरचं सर्टिफिकेट, त्याची किल्ली, क्लायंट सर्टिफिकेट सक्तीचं आणि कॉमन नेमलाच युजरनेम मानणं, एवढ्या सहा ओळी. मग परवानगीच्या फाइलमध्ये नमुना असा लिहा की युजरनेम १७ ला फक्त माग १७ च्या विषयावरच लिहिता येईल. बोर्ड चोरीला गेला की त्याचा नंबर रद्द यादीत टाका, मॉस्किटो ती यादी वाचतो. बाकीच्या २३ ना हात लावावा लागत नाही. १८८३ चं उघडं पोर्ट बंद आहे ना, ते शेवटी दुसऱ्या यंत्रावरून तपासा.

चोरीच्या बोर्डात वाय-फायचा पासवर्डही असतो, हे मात्र सगळे विसरतात. म्हणून मागांसाठी वेगळं वाय-फाय नाव आणि वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला अलग कप्पा). त्यातून फक्त पायचं ८८८३, अपडेटचं पोर्ट, डीएनएस आणि वेळेचं १२३ एवढंच दिसावं. कार्यालयातला हिशोबाचा संगणक त्या जाळ्यात दिसताच कामा नये.

वेळेबद्दल. आयडीएफमध्ये सर्टिफिकेटची मुदत तपासण्याचा पर्याय मुळात बंद असतो! म्हणजे तुमचे बोर्ड आज मुदत संपलेलं सर्टिफिकेटही निमूट स्वीकारतील. तो चालू करा. चालू केल्यावर बोर्ड सुरू होताना घड्याळ १ जानेवारी १९७० दाखवतं, सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालं नाही’ ठरतं आणि उणे झीरो-एक्स-२७०० येतं. म्हणून क्रम ठरवा: वाय-फाय, मग एसएनटीपी (नेटवर्कवरून वेळ घेणं), मग एमक्यूटीटी. वेळ इंटरनेटवरून न घेता पायवरच्या क्रोनी या वेळेच्या सर्व्हरकडून घ्या. पायला डीएस३२३१ चं घड्याळ आणि सीआर२०३२ चा सेल लावा. त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त एखादा मिनिट. इंटरनेट आठवडाभर गेलं तरी सर्टिफिकेटला काही फरक पडत नाही. वरून आणखी एक आधार: घड्याळ फर्मवेअर बिल्ड झालेल्या तारखेच्या मागे असेल तर ते त्या तारखेवर आणा.

मूळ सर्टिफिकेटची मुदत हा दुर्लक्षित धोका आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ सर्टिफिकेट संपलं आणि लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीवर विसंबलेली कितीतरी जुनी यंत्रं जोडणी नाकारू लागली. बोर्डात दोन मुळांची जागा ठेवा, आजचं आणि पुढचं.

मालकांच्या मोबाइलवर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ हा इशारा येतो त्याचा मार्ग वेगळा. माणसांसाठीच्या ४४३ वर खरं डोमेन नाव आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट लावा. डीएनएस-०१ पद्धतीने (डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद करून) ते मिळतं, पाय इंटरनेटला उघडा करावा लागत नाही. मुदत ९० दिवसांची, नूतनीकरण आपोआप चालू ठेवा. यंत्रांसाठी स्वतःचं मूळ, माणसांसाठी जगाला माहीत असलेलं. दोन्ही एकत्र करू नका. मालकांना बाहेरगावाहून पाहायचं असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन. राउटरवर पोर्ट उघडून देऊ नका.

---

पूर्वभाग_लिनक्स

एवढ्या सर्टिफिकेटांची गरज आहे का? २४ बोर्ड, दोन्ही टोकं आपली. टीएलएस-पीएसके (दोन्ही टोकांना आधीच दिलेली किल्ली) वापरा. प्रत्येक बोर्डाला ३२ बाइटांची यादृच्छिक किल्ली, मॉस्किटोच्या पीएसके फाइलमध्ये ओळख आणि किल्ली अशी एकेक ओळ. सर्टिफिकेट नाही, मुदत नाही, घड्याळ नाही, हँडशेक हलका. फक्त ईसीडीएचई-पीएसके (दर जोडणीला नवी तात्पुरती किल्लीही ठरवणारा प्रकार) निवडा, साध्या पीएसकेमध्ये किल्ली फुटली की जुनं रेकॉर्ड केलेलं सगळं वाचता येतं.

---

सही_शिक्का

पीएसके चुकीचं नाही, आणि बोर्ड याहून लहान असता तर मीही तेच सुचवलं असतं. इथे दोन गोष्टी आड येतात. पीएसकेची फाइल पायवर उघडी असते, पाय गेला की चोवीसही किल्ल्या गेल्या. सर्टिफिकेटच्या पद्धतीत पायवर बोर्डांच्या खासगी किल्ल्या नसतातच. दुसरं, फर्मवेअर अपडेट एचटीटीपीएसवरून आणायचं तर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासावंच लागणार. मग मूळ सर्टिफिकेट आणि घड्याळ बोर्डात आलंच. एकदा ते आलं की क्लायंट सर्टिफिकेटचा वाढीव त्रास फार उरत नाही.

किल्ली बोर्डावरच तयार करणार असाल तर वाय-फाय सुरू झाल्यानंतर करा. ईएसपी३२ चा यादृच्छिक स्रोत रेडिओ चालू असतानाच भरवशाचा असतो.

---

जुळे_सोलापूर_हार्डवेअर

सॉफ्टवेअरवर एवढं बोलणं झालं, पण मागापाशी बोर्ड जास्त करून विजेमुळे मरतो.

ईएसपी३२ पाठवताना क्षणभर २४० मिलीअँपच्या आसपास ओढतो. सेन्सरसाठी २४ व्होल्ट आहेतच, त्यातून बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करा आणि मगच डेव्ह बोर्डाला द्या. बोर्डावरच्या एएमएस१११७ ला थेट १२ व्होल्ट दिले तर ८.७ गुणिले ०.२५, म्हणजे दोन वॉटहून जास्त उष्णता. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर आणि वर पत्रे, तो रेग्युलेटर टिकणार नाही. ५ व्होल्टच्या पिनपाशी ४७० मायक्रोफॅरड, १०५ अंशांचा कॅपॅसिटर, शेजारी ०.१. सिरियलवर ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज क्षणभर खाली गेलं) दिसलं की टीएलएसमध्ये चूक शोधत बसू नका, हा कॅपॅसिटर बघा.

सेन्सर एनपीएन तीन तारांचा असेल: तपकिरी धन, निळी ऋण, काळी आउटपुट. बोर्डाला थेट जोडू नका. तपकिरीपासून २.२ किलोओहम, मग पीसी८१७ (ऑप्टोकपलर) चा एलईडी, मग काळी. प्रवाह १० मिलीअँप, रोधकावर ०.२४ वॉट, म्हणून पाव वॉटचा न घेता अर्ध्या वॉटचा घ्या. दुसऱ्या बाजूला १० किलोओहम ३.३ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरड जमिनीला.

मोटार सुरू होताना खोटे पिक मोजले जातात, ती तक्रार येणारच. ईएसपी३२ च्या पल्स काउंटरचा फिल्टर जास्तीत जास्त १०२३ क्लॉकचा, ८० मेगाहर्ट्झला फक्त १२.८ मायक्रोसेकंद. मोटारीच्या ठिणगीपुढे तो अपुरा आहे. मिनिटाला १२० म्हणजे दोन पिकांत ५०० मिलिसेकंद, तेव्हा २०० च्या आत आलेला दुसरा पल्स सॉफ्टवेअरमध्ये सरळ टाकून द्या. डब्याला हवेची भोकं पाडू नका. टॉवेलच्या कारखान्यात रुईचे तंतू आठवड्यात आत गादी करतात. केबल ग्लँड लावून डबा पूर्ण बंद.

वीज गेल्यावर मोजणी टिकवायची म्हणून प्रत्येक पिक फ्लॅशमध्ये लिहू नका. एक सेक्टर सुमारे एक लाख वेळा पुसता येतो. तासाला ७,२०० पिक म्हणजे चौदा तासांत सेक्टर संपला.

---

चिंचोळी_फर्मवेअर

शेवटच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती. चौदा तास हे एकाच सेक्टरमध्ये कच्चं लिहिलं तर. एनव्हीएस (आयडीएफची फ्लॅशमध्ये नोंदी ठेवायची सोय) तसं करत नाही. ४ केबीच्या पानात १२६ नोंदी एकामागोमाग भरते आणि पान भरल्यावरच पुसते. २० केबीच्या भागात पाच पानं, म्हणजे एक लाख गुणिले १२६ गुणिले पाच, सहा कोटींच्या वर नोंदी. माग २४ तास चालला तर दिवसाला १,७२,८०० पिक, म्हणजे अंदाजे एक वर्ष. निष्कर्ष मात्र तुमचाच खरा: वर्षाने बोर्ड मारायचा नाही. दर पाच मिनिटांनी एकदा लिहा, आणि मग फ्लॅशची चिंता आयुष्यात नाही. वीज गेली तर जास्तीत जास्त सहाशे पिकांचा फरक पडतो. तोही नको असेल तर एफरॅमची (कितीही वेळा लिहिलं तरी न झिजणाऱ्या मेमरीची) चिप लावा.

---

बाणा_मोजणी

सगळ्यांचे आभार. तीन बोर्डांवर करून पाहिलं. ईसी सर्टिफिकेट, येणारा ४०९६, जाणारा २०४८. जोडणी चालू असताना मोकळी मेमरी १३८ केबी, सर्वांत मोठा तुकडा ९० च्या वर, दोन दिवस एकही तुटणं नाही. फ्लॅशचे भाग पाडून दोन अपडेट विभाग दीड-दीड एमबीचे ठेवलेत.

आता फक्त अपडेट अडतंय. पायवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवरून, पोर्ट ८४४३, आपल्याच मूळ सर्टिफिकेटने. हँडशेक होतो, फाइल सुरू होते आणि लगेच उणे झीरो-एक्स-७२००. एमक्यूटीटी त्याच वेळी व्यवस्थित चालू असतं.

दुसरं, वीज परत आली की तीनही बोर्ड एकदम जोडायला जातात. २४ झाल्यावर काय होईल?

---

सही_शिक्का

७२०० म्हणजे अमान्य रेकॉर्ड, इथे बफरपेक्षा मोठा. एमक्यूटीटीचे निरोप शंभर-दोनशे बाइटांचे, ते ४ केबीत बसतात. एन्जिनएक्स मात्र फाइल देताना मुळात १६ केबीचे रेकॉर्ड बनवतो. त्याच्या सेटिंगमध्ये एसएसएल बफर साइज ४के करा, फक्त ८४४३ च्या सर्व्हर भागात, आणि रीलोड करा. बोर्डाचा बफर पुन्हा वाढवू नका.

अपडेट चालू लागल्यावर रोलबॅकचा (नवं बिघडलं तर जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याचा) पर्याय बूटलोडरमध्ये चालू करा, आणि नवीन फर्मवेअरने ‘मी ठीक आहे’ ही नोंद ब्रोकरशी टीएलएस जोडणी झाल्यानंतरच करावी. नुसतं वाय-फाय जोडलं म्हणून नोंद केली आणि सर्टिफिकेटच्या कोडमध्ये चूक असली, तर तो बोर्ड पुढचं अपडेट कधीच आणू शकणार नाही. मग मागावर चढून केबल लावणं आलं. आधी एका मागावर, पूर्ण एक पाळी, मग एका ओळीवर, मग सगळ्यांवर.

सिक्युअर बूट (सही असलेलंच फर्मवेअर चालवणं) आणि फ्लॅश एन्क्रिप्शन आत्ता घाईने करू नका. ते ई-फ्यूजमध्ये (चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत) कायमचं जळतं, सहीची किल्ली हरवली की बोर्डावर नवं फर्मवेअर चढत नाही. दोन सुटे बोर्ड घेऊन त्यांच्यावर आधी सगळी पायरी पार पाडा.

---

चिंचोळी_फर्मवेअर

एकदम जोडण्याबद्दल: बोर्ड सुरू झाल्यावर ० ते ३० सेकंदांत यादृच्छिक थांबा, मग वाय-फाय. जोडणी पडली तर १, २, ४, ८ सेकंद असं वाढवत ६० पर्यंत, त्यातही थोडा यादृच्छिक भाग. थांबण्याच्या काळात पिक मोजणं चालूच राहिलं पाहिजे, तेव्हा मोजणीचं टास्क नेटवर्कच्या टास्कहून वरच्या प्राधान्याचं आणि स्वतंत्र ठेवा. घरगुती राउटरऐवजी एक चांगला अ‍ॅक्सेस पॉइंट, २.४ गिगाहर्ट्झवर, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजारच्या कारखान्याने न घेतलेला. आणि पाय बोर्डांच्या आधी उठेल असं बघा: त्याला छोट्या यूपीएसवर ठेवलंत तर वीज गेल्यावर तो बंदच होत नाही, घड्याळही चालू राहतं आणि एसडी कार्डही वाचतं.

---

बाणा_मोजणी

एसएसएल बफर ४के केल्यावर १.१ एमबीची फाइल पहिल्याच झटक्यात उतरली. उद्या सकाळच्या पाळीला माग १ वर सोडतो, रात्री आकडे इथे टाकतो.